जाता जाता, डॉक्टर…

फॅमिली डॉक्टरकडे समुपदेशनासाठी जायचं ठरवलं असेल, तर एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. तिथे समुपदेशनासाठी कुणीच जात नाही. लोक पित्तासाठी जातात. कुणाच्या छातीत धडधडतं, कुणाच्या हातापायाला मुंग्या येतात, कुणाला रात्री दोन वाजता जाग येते ती उजाडेपर्यंत. नवशिक्यानेही यातली एखादी तक्रार निवडून ठेवावी. फार जोरकस निवडू नये. ‘छातीत दुखतं’ म्हणालात तर सगळा वेळ ईसीजीत जाईल आणि मूळ दुखणं तसंच घरी न्यावं लागेल. पित्त सगळ्यांत सोयीचं. त्याला वय नाही, त्याची लाज नाही आणि ते सासरी-माहेरी दोन्हीकडे सांगता येतं.

वेळ दुपारची घ्यावी, दवाखाना बंद व्हायच्या जरा आधीची. संध्याकाळी बाकावर अख्खी कॉलनी बसलेली असते आणि डॉक्टरांची खोली व ते बाक यांच्यामध्ये प्लायवूडची एक भिंत असते, जी छतापर्यंत पोचलेली नसते. तुम्ही आत कुजबुजाल. डॉक्टर मात्र कुजबुजत नाहीत. ‘काय? रडू येतं? कधीपासून?’ हे त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, की बाहेरची कुजबुज थांबते.

सोबत कुणाला नेऊ नये. विशेषतः बाईमाणसाने तर नाहीच. आपल्याकडे पेशंट बाईच्या प्रश्नांची उत्तरं सोबत आलेला माणूस देतो. ‘झोप लागते का?’ ‘लागते की, चांगली घोरते.’ ‘भूक?’ ‘जेवते व्यवस्थित.’ ‘मनाला कसं वाटतं?’ ‘तसं काही नाही हो, थोडी हळवी आहे.’ पेशंट स्टुलावर बसून ही मुलाखत ऐकत असते. जुने, मुरलेले डॉक्टर यावर एक उपाय करतात. चिठ्ठीवर काहीतरी लिहून ती नवऱ्याच्या किंवा सासूच्या हातात देतात आणि म्हणतात, ‘तुम्ही तेवढं समोरून औषध घेऊन या.’ ते औषध बहुधा बी-कॉम्प्लेक्स असतं. उपचार म्हणजे मेडिकलवरून परत येईपर्यंत मिळणारी ती सात-आठ मिनिटं. ती वाया घालवू नका.

आत गेल्यावर डॉक्टर आधी तुमच्या वडिलांची शुगर विचारतील, मग भावाच्या जागेच्या भानगडीचं काय झालं ते. हा टाइमपास आहे असं समजून घड्याळाकडे पाहू नये. शहरातल्या तज्ज्ञाला जी माहिती कागदावर भरून घ्यायला पाऊण तास लागतो, ती या माणसाच्या डोक्यात आहे. आजोबांचा दमा, आईचं बाळंतपण आणि धाकट्या काकांचं ‘ते’, ज्याबद्दल घरात कुणी बोलत नाही, ते यांनीच निस्तरलेलं असतं. पंचाईतही नेमकी तीच आहे. जो माणूस तुमच्या आईला तीस वर्षं ओळखतो, तो आईला भेटणारही आहे. म्हणून बसल्याबसल्या सांगून टाकावं, ‘डॉक्टर, हे आपल्यातच ठेवा.’ मानसिक आजाराच्या माहितीची गुप्तता राखून घेण्याचा हक्क २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुम्हाला दिला आहे. डॉक्टरांनी तो कायदा उघडून पाहिला असेलच असं नाही, पण हे वाक्य त्यांना समजतं.

मग ते जीभ पाहतील, पापणी खाली ओढतील, बीपी घेतील आणि थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह लिहून देतील. मन दुखतंय आणि हे रक्त काढतायत, म्हणून नवशिक्या इथे रुसतो. रुसू नये. थायरॉइड मंदावलं किंवा अंगात रक्त कमी असलं तरी माणूस असाच गळून जातो, कशात मन लागत नाही. खरी अडचण रिपोर्ट नॉर्मल आल्यावर होते. घरचे पेढे वाटायच्या बेतात असतात आणि पेशंटला मात्र आपली चोरी पकडली गेल्यासारखं वाटतं.

आता प्रत्यक्ष समुपदेशन. ते तीन वाक्यांचं असतं. ‘टेन्शन घेऊ नका.’ ‘तुम्ही फार विचार करता.’ ‘सकाळी फिरायला जात जा.’ पहिल्या दोन वाक्यांनी आजवर कुणाचं टेन्शन गेल्याचं ऐकिवात नाही. तिसऱ्याला मात्र हसू नये. गोव्यात सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये उदासीच्या रुग्णांवर याच धर्तीचा उपचार तपासून पाहिला गेला आणि त्याचे चांगले निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. माणसाला हळूहळू पुन्हा कामात, माणसांत, हालचालीत आणायचं, असा तो उपचार. देणारे डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. अर्ध्या-पाऊण तासाच्या सहा ते आठ बैठका. फरक इतकाच की आपले डॉक्टर ‘फिरायला जा’ हे पुढच्या पेशंटची बेल दाबता दाबता सांगतात, आणि तिथला समुपदेशक पुढच्या आठवड्यात विचारायचा, गेला होतात का? नव्हता गेलात, तर आडवं काय आलं?

गोव्यातलाच त्याआधीचा एक प्रयोग फॅमिली डॉक्टरांनी फ्रेम करून लावावा असा आहे. ‘मानस’ नावाचा, २०१० साली प्रसिद्ध झालेला. बारा सरकारी केंद्रं आणि बारा खासगी दवाखाने घेतले. निम्म्या ठिकाणी प्रशिक्षित समुपदेशक दिला, निम्म्या ठिकाणी नेहमीचाच कारभार. सरकारी केंद्रांत समुपदेशकामुळे सहा महिन्यांत बरे होणारे ठळकपणे वाढले. खासगी दवाखान्यांत मात्र समुपदेशक असो-नसो, दोन्हीकडे साधारण दोन-तृतीयांश रुग्ण बरे झाले. म्हणजे वडिलांची शुगर विचारणाऱ्या माणसाच्या हातून काहीतरी उपचार आधीच होत असावा. अर्थात, ‘टेन्शन घेऊ नका’ या वाक्याला याचं श्रेय देण्याची घाई करू नये.

सगळ्यांत मोठी चूक वेळेची होते. पंधरा मिनिटं पित्तावर बोलून झाली, चिठ्ठी हातात आली, चपलेत पाय गेला, दाराला हात लागला आणि मग तोंडून येतं, ‘जाता जाता डॉक्टर, एक विचारायचं होतं.’ जगभरचे डॉक्टर या वाक्याला घाबरतात, कारण खरा आजार त्याच्या मागून येतो. घरी आरशासमोर सराव करून हे वाक्य सुरुवातीला आणावं. पल्लेदार बोलायची गरज नाही. ‘तीन आठवडे झाले, कशातच मन लागत नाही’ एवढं पुरतं. डॉक्टर जरा नव्या वळणाचे असतील तर नऊ प्रश्नांचा एक कागद काढतील. गेल्या दोन आठवड्यांत काय काय, किती दिवस झालं, याचे शून्य ते तीन गुण. इथे जास्त मार्क मिळवण्यात किंवा लपवण्यात काही फायदा नाही. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. त्याचं उत्तर मात्र सरळ, खरं द्यावं, पित्तात गुंडाळू नये. कुणी असं विचारलं म्हणून ते विचार डोक्यात शिरत नाहीत. आणि असे विचार आत्ता येत असतील तर दुपारच्या वेळेची वाट पाहू नका. टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

गोळ्यांबाबत लोकांचं धोरण गमतीशीर असतं. झोपेची, म्हणजे अल्प्राझोलाम वगैरे गोळी पहिल्याच रात्री काम करते, म्हणून ती लाडकी. शेजारीण शेजारणीला देते. सवय लागते ती हिची. उदासीवरची गोळी गुण यायला दोन ते चार आठवडे घेते आणि पहिल्या आठवड्यात पोट ढवळतं, म्हणून ती ‘सूट झाली नाही’. सवय लागेल म्हणून नातेवाईक घाबरतात तेही हिलाच. डॉक्टरांना न विचारता ती सोडू नये, बरं वाटू लागल्यावर तर मुळीच नाही.

कधी डॉक्टर पुढे पाठवतात. घरात त्या चिठ्ठीचा उच्चार ‘वेड्यांचा डॉक्टर’ असा होतो, तो कानाआड करावा. मानसोपचारतज्ज्ञ हा औषधं देणारा एमडी डॉक्टर, तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ‘काउन्सेलर’ अशी नुसती पाटी दिसली, तर शिक्षण कुठलं ते विचारायला संकोचू नये.

निघताना ‘परत कधी येऊ?’ असं विचारून तारीख घ्यावी. ‘लागलं तर या’ यावर समाधान मानू नये, कारण आपल्याला कधीच लागत नाही. आणि फी द्यावी. इतक्या वर्षांची ओळख, त्यात इंजेक्शनही दिलेलं नाही, म्हणून डॉक्टर ‘राहू द्या’ म्हणतील. नाहीच घेतली, तर बाहेर कंपाउंडरकडे ठेवून पुढच्या आठवड्याचा नंबर लावून यावा.