एका तारेचे दोन कान

वाटाड्याची बिदागी वाचावी, आणि उंच धरलेल्या छत्रीमागे धावणाऱ्या जमावात आपली गणना होऊ नये, अशा दुहेरी हेतूने मी स्पेनमधल्या सेव्हिल शहराची एक ध्वनिमुद्रित पदयात्रा विकत घेऊन मोबाइलमध्ये उतरवून ठेवली खरी. परंतु आपणाजवळ इयरफोनची जोडी एकच आहे, आणि या प्रवासात सहधर्मचारिणीही बरोबर आहे, या दोन बाबींचा परस्परसंबंध त्या वेळी माझ्या ध्यानात आला नाही. परिणामी फेब्रुवारीतल्या एका सकाळी, एक बोंडी माझ्या कानात, दुसरी तिच्या कानात आणि मध्ये हातभर तार, अशा थाटात आम्ही ग्वादल्किविर नदीच्या काठी जोखडाखालच्या बैलजोडीसारखे उभे राहिलो.

तारेतून बोलणाऱ्या इंग्रज बाईचा स्वर मामलेदार कचेरीतल्या शिरस्तेदाराला शोभेल असा होता. ‘थांबा. उजवीकडे वळा. चाळीस पावले चाला.’ पावले कोणाची, याविषयी फर्मानात खुलासा नव्हता. माझी चाळीस भरत तेव्हा सौभाग्यवतींची तिसावर असत, आणि उरलेल्या दहांची वसुली माझ्या कानातली बोंडी उपटून होई.

पहिला मुक्काम गटाराच्या झाकणाशी होता. त्या लोखंडी झाकणावर ‘नो’ आणि ‘दो’ अशी दोन अक्षरे असून त्यांच्यामध्ये आठाच्या आकड्यासारखी सुताची लड कोरलेली होती. तेराव्या शतकात दहाव्या आल्फोन्सो राजावर त्याचाच पुत्र सांचो उलटला, तेव्हा हे शहर राजाशी इमान राखून राहिले. लडीला स्पॅनिशमध्ये ‘मादेहा’ म्हणतात, आणि ‘नो मादेहा दो’ भरभर उच्चारले की ‘तिने मला सोडले नाही’ असे कृतज्ञ वाक्य ऐकू येते, अशी आख्यायिका बाईने सांगितली.

यानंतर माझा अंगठा कोठे तरी पडला असावा. समोर तोर्रे देल ओरो, म्हणजे सुवर्णमनोरा, हा 1220च्या सुमारास उभारलेला बारा कोनांचा सुबक बुरूज होता, आणि कानात बाई सांगत होती की, या वास्तूत हजारो स्त्रिया बसून विड्या वळीत असत आणि ऑपेरातली नायिका ‘कार्मेन’ ही त्यांच्यातलीच एक कल्पिली आहे. इतर कोणास शंका आली असती. परंतु गिरगावातल्या चाळीत निम्मे आयुष्य काढलेल्या दांपत्याला एवढ्याशा जागेत काही हजार माणसे मावणे मुळीच असंभाव्य वाटले नाही. “नळ मात्र एकच असेल हो,” एवढाच शेरा सौभाग्यवतींनी मारला. पुढे दहा मिनिटांनी एका अवाढव्य दगडी इमारतीसमोर, वह्या काखेत मारून पाव खाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घोळक्यात आम्ही नदीवरच्या बुरुजाचा इतिहास ऐकू लागलो, तेव्हा उलगडा झाला की, अठराव्या शतकातला तंबाखूचा कारखाना तो हा, आणि हल्ली तेथे विद्यापीठ भरते.

हिशेब चुकता करून आम्ही हिराल्दापाशी पोहोचलो. हा सुमारे 104 मीटर उंचीचा मनोरा बाराव्या शतकाच्या अखेरीस मशिदीचा मिनार म्हणून बांधला गेला, आणि मशिदीच्या जागी कॅथीड्रल उभे राहिल्यावर त्याच्या माथ्यावर घंटा चढल्या. बांग देणाऱ्यास घोड्यावर बसून वर जाता यावे म्हणून आत पायऱ्यांऐवजी उतरणी ठेवल्या, असे सांगतात. अशा त्या पस्तीस उतरणी, म्हणजे अर्थातच आम्हांस चढणी. बाईला गुडघे नसल्यामुळे आम्ही सातव्या चढणीवर धापा टाकीत असता ती माथ्यावर पोहोचून घंटांची प्रशंसा करू लागली, आणि आम्ही माथ्यावर टेकलो तेव्हा तिने ‘आता खाली उतरा’ असा हुकूम सोडला. घोड्याविषयी सौभाग्यवतींनी जे उद्गार काढले, ते या ठिकाणी नमूद करण्याचे प्रयोजन नाही.

पुढे सांता क्रूझच्या बोळांत, जेथे समोरासमोरच्या भिंतींना दोन्ही हात टेकावेत इतकी गल्ली कोठे कोठे निरुंद होते, ‘आता डावीकडे’ एवढे उच्चारून बाई निमाली. मोबाइलची बॅटरी संपली होती. कान मोकळे झाले आणि प्रथमच शहर ऐकू आले: कारंज्याचे पाणी, माडीवरची भांडी, कोणाचा तरी खोकला. रस्त्याकडेची झाडे फळांनी लगडली होती. खाली पडलेले एक फळ सौभाग्यवतींनी उचलले, सोलले आणि माझ्या निषेधापूर्वी तोंडात टाकले. त्यांचा चेहरा पाहून बाकावरचे एक वृद्ध गृहस्थ पोट धरून हसले, आणि झाडाकडे बोट दाखवून, तोंड वेडेवाकडे करून म्हणाले, “नारांहा! आमार्गा!”

“अहो, नारिंगच म्हणतायत ते!” डोळ्यांतले पाणी पुशीत सौभाग्यवती उद्गारल्या. आपल्या संस्कृतातला ‘नारंग’ फारशीतून अरबीत आणि अरबांबरोबर स्पेनात येऊन येथे नांदत होता. केवळ कडू निघाला होता, आणि अशा कडू नारिंगांचा इंग्रज मुरंबा करतात. चाळीस मुक्कामांची फी घेतलेल्या बाईने या नातलगाची ओळख करून दिली नव्हती.

मुक्कामी परतताना पायाखाली पुन्हा ते झाकण आले. मी खिशातून इयरफोन काढला, तर तारेची नेमकी तशीच आठाच्या आकड्यासारखी लड झालेली. मी ती झाकणाशेजारी धरून, कंठ दाटून आल्यासारखा स्वर काढीत म्हणालो, “पाहिलंस? तिने मला सोडले नाही.”

“जाणार कुठं?” सौभाग्यवती म्हणाल्या, “पासपोर्ट तुमच्याच खिशात आहे.”