लाँग आयलंड, व्हाया मार्केट यार्ड

यंदा गटारीला खंबा, सोडा आणि खारे शेंगदाणे नकोत, काहीतरी 'क्लासिक' करू, असा ठराव आमच्या बिबवेवाडीच्या मित्रमंडळात एकमताने मंजूर झाला. खर्चाचा आकडा तेव्हा कुणी विचारला नव्हता, म्हणून एकमताने. ठरलं लाँग आयलंड आइस्ड टी. यात चहाचा थेंबही नसतो.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर ओक बीच इन नावाचा बार होता. तिथल्या रॉबर्ट बट या बारटेंडरचा दावा असा, की हे पेय त्याने 1972 मध्ये पहिल्यांदा बनवलं. टेनेसीवाले म्हणतात, छे, लाँग आयलंड आमच्याकडेही आहे आणि आमच्या बिशप आजोबांनी 1920च्या दशकातल्या दारूबंदीतच हे केलं होतं. मला टेनेसीवाल्यांचं पटतं. दारूबंदी असल्याशिवाय दारूला चहा म्हणायची गरज कुणाला पडेल? आपल्याकडे 1949चा दारूबंदी कायदा अजून ठणठणीत आहे. प्यायला परवाना लागतो, आणि तो मिळतो आरोग्य राखण्यासाठी! दिवसाचे पाच रुपये, वर्षाचे शंभर, आजन्म हजार. आजन्म परवाना काढणाऱ्याचा आशावाद मला फार आवडतो.

कृती सोपी आहे. व्होडका, जिन, पांढरी रम, टकीला आणि संत्र्याच्या सालीचं ट्रिपल सेक, प्रत्येकी 15 मिली. लिंबाचा रस 30, साखरेचा पाक 20, भरपूर बर्फ आणि वरून थोडा कोला. थोडक्यात, ही सहकारी तत्त्वावरची दारू. पाच सभासदांचं समान भागभांडवल, राबायचं सगळ्यांनी आणि रंग मात्र कोल्याचा.

भांडवल उभं करतानाच संस्था बुडायला आली. व्होडका, जिन, रम यांच्या क्वार्टर मिळाल्या. टकीला मात्र अख्खी बाटलीच घ्या, म्हणाला दुकानदार. चौघांच्या ग्लासांना लागणार 60 मिली! टकीला होते मेक्सिकोतल्या निळ्या अगेव्हपासून. अगेव्ह म्हणजे आपलं घायपात, हे कळल्यावर आमचा पुरंदरचा मित्र हळहळला. त्याच्या बांधावर ते आजोबांपासून उभं आहे आणि घरच्यांनी त्याचे आजवर फक्त दोर वळले. दख्खनच्या पठारावरच्या घायपातापासून दारू गाळणारे डेस्मंड नाझरेथ आहेत, पण बाटलीवर 'टकीला' लिहायची मुभा त्यांना नाही. तो मान मेक्सिकोचा.

लिंबं आणायला मार्केट यार्डात गेलो. तिथे भाव गोणीचा. "दहा द्या," म्हटल्यावर व्यापाऱ्याने "दहा गोणी?" असं अदबीने विचारलं. 'नग' हा शब्द ऐकल्यावर अदब संपली. एक सांगतो, आपलं कागदी लिंबू चांगलंच आंबट असतं, 20 मिली रस पुरतो.

खरी मारामारी झाली मापावरून. घरात 15 मिलीची रेघ असलेली एकच वस्तू होती, खोकल्याच्या औषधाचं झाकण. मंडळातल्या एका जाणकाराला तो दारूचा अपमान वाटला. त्याचं म्हणणं, अनुभवी हात अंदाजाने ओततो. पण पाच बाटल्यांत प्रत्येकी दहा-दहा मिलीने हात सैल सुटला, की जवळजवळ दोन छोटे पेग फुकट वाढतात, आणि कोला व लिंबू मिळून ते जिभेला कळूही देत नाहीत. झाकण जिंकलं.

बर्फाच्या खुळखुळाटाने वरच्या मजल्यावरचे काका दारात आले. "काय चाललंय?"

"चहा, काका." नाव सांगितलं, खोटं नाही.

"बिनसाखरेचा असेल तर अर्धा कप द्या."

पाकाने त्यांना वाचवलं.

चवीबद्दल माझा निकाल असा: नीट मोजलं तर उत्तम, अंदाजाने केलं तर खोकल्याचं औषध बरं. पण हिशेब विसरू नका. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे 'चहा'च्या एका ग्लासात छोटे अडीच पेग. गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा रक्ताच्या 100 मिलीमागे 30 मिलिग्रॅम अल्कोहोल, आणि भराभर प्यायला तर हा एकच ग्लास बहुतेकांना तिच्यापलीकडे नेतो. तेव्हा आमच्याकडे आलात तर गाडी इथेच ठेवा आणि रिक्षाने घरी जा. सोसायटीत 'पाहुण्यांनी गाड्या बाहेर लावाव्यात' अशी पाटी आहे, पण त्या रात्री सेक्रेटरी आमच्यातच बसलेले असतात.