रुसलेलं कोण?

पानिपतावर 1761 साली पडलेले सदाशिवरावभाऊ काही वर्षांनी परत आल्याची आवई उठली. आला होता तोतया. पण भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी नवऱ्याचं मरण मानलंच नव्हतं, आणि लोकांनाही भाऊ हवेच होते. माधवराव पेशव्यांनी त्याला कैदेत टाकलं. तरी पुढे रत्नागिरीच्या किल्ल्यातून सुटून त्याने कोकणात बंड केलं आणि माणसं त्याच्यामागे गेली. 1776 साली एकदाचा त्याचा निकाल लागला. खरे भाऊ म्हणजे वसई जिंकणाऱ्या चिमाजीआप्पांचे चिरंजीव. तेव्हा तोतयांशी आमच्या भागाचा संबंध तसा जुनाच.

विरारच्या मनवेलपाड्यात हे तोतये आता फोनवरून येतात. वेळही नेमकी साधतात. पोराला अपघात झालाय म्हणून सांगितल्यावर आई आधी पोराचाच नंबर फिरवणार. आणि पोरगा तेव्हा विरार लोकलमध्ये असा कोंबलेला की फोन त्याच्या खिशात, पण हात कुठेय ते त्यालाच ठाऊक नाही. तो उचलत नाही, आणि इकडे आईच्या डोळ्यांपुढे इस्पितळ. रीलवरच्या चार वाक्यांवरून हुबेहूब आवाज काढतात म्हणे हल्ली, पण आईला कशाला एवढी कारागिरी लागते? नुसतं रडणं पुरतं.

आमच्या शेजारच्या आत्यांना असाच फोन आला. "आत्या, ओळखलंत का?" बहुतेक जण इथेच "कोण, पप्पू का?" म्हणतात आणि चोराचं बारसं स्वतःच उरकतात. आत्या म्हणाल्या, "माझा भाचा मला अहोजाहो करत नाही. माझ्या लग्नात कोण रुसलं होतं, सांग." पलीकडे शांतता. परवलीचा शब्द ठरवा म्हणून पोलीस सांगतात. मराठी घरात एवढे मानापमान साठलेले असताना वेगळा शब्द हवाय कशाला! पैसे गेलेच, तर मात्र लाजत बसू नये, 1930 लगेच फिरवावा; पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवलं, तर काही हाती लागतं.

पुढे खऱ्या भाच्याचा मोबाइल बंद पडला. त्याने मित्राच्या फोनवरून आत्यांकडे हजार रुपये मागितले. प्रश्न तोच. "तेव्हा माझा जन्म तरी झाला होता का?" तो ओरडला. आत्यांनी फोन ठेवला. संध्याकाळी स्वारी शेअर रिक्षाने दारात हजर, तोंड फुगवून. आत्यांनी पोहे पुढे ठेवले, पैसेही दिले.

"पण रुसलं होतं कोण?"

"तुझा बाप. आणि तूही त्याच्यावरच गेलायस."