गाव पुस्तकात, गाडी फाट्यावर

जनगणनेची जिल्हा पुस्तिका उघडून नागपूर जिल्हा फिरायचा म्हटलं तर तिकीटही लागत नाही आणि धूळही खावी लागत नाही. 14 तालुके, 2011 ची 46 लाख 53 हजार 570 माणसं, आणि गावागणिक एक ओळ: घरं इतकी, माणसं इतकी, त्यात सात वर्षांच्या आतली इतकी. (ही आतली मंडळी धडाधडा वाचत असली तरी निरक्षरच धरायची, असा नियम आहे.) मधूनच एखादी रिठी लागते. वस्ती कधीचीच उठून गेलेली, लोकसंख्या शून्य. पण नाव, क्षेत्रफळ आणि संकेतांक शाबूत. तिथं कुणाला उतरायचं नसतं, त्यामुळे गाडीबद्दल तक्रारही नसते. तक्रार माणसं असलेल्या गावापासून सुरू होते.

अशा गावासाठी बस, रेल्वे, ऑटो, टॅक्सी, ट्रॅक्टर, बैलगाडी यांचे वेगवेगळे रकाने आहेत. सोय गावात असेल तर ‘आहे’. नसेल तर सर्वांत जवळची किती लांब, ते अक्षरात: पाच किलोमीटरच्या आत ‘ए’, दहापर्यंत ‘बी’, त्यापुढे ‘सी’. ‘सी’ म्हणजे अकरा की एकतीस, हे ज्याचं त्यानं पायांना विचारावं. पण खरा घोळ ‘आहे’मध्ये आहे. दिवसभर ये-जा करणारी एसटी आणि रात्री मुक्कामाला येऊन पहाटे निघून जाणारी एसटी, दोघींना शिक्का एकच. तालुक्याच्या दवाखान्यातून दुपारी सुटलेल्या म्हाताऱ्याला ही दुसरी गाडी असून नसल्यासारखी. मग तो फाट्यावरची काळी-पिवळी गाठतो. इंजिन सुरू, चालक दारात, “बसा ना जी, निघालीच!” निघालीच म्हणजे आणखी चार सवाऱ्या मिळाल्या की. मधल्या सीटवर चौघांत पाचवा बसतो, टपावर सोयाबीनचं पोतं चढतं, इंजिन एकदा बंद होऊन पुन्हा सुरू होतं. पुस्तिकेत या सगळ्याची नोंद ‘टॅक्सी: आहे’. अंतर मोजलं, वाट पाहणं मोजायचं राहिलं, आणि खेड्यातल्या प्रवासाचा मोठा भाग तोच असतो.

रेल्वेचं तर विचारूच नका. इतवारीहून उमरेड, भिवापूर करत नागभीडला जाणारी छोटी गाडी 2019 च्या अखेरीस रुंदीकरणासाठी बंद झाली. 2011 च्या पानांवर मात्र तिची स्टेशनं ठणठणीत आहेत. 2021 ची जनगणना झालीच नाही, पुढची 2027 ची. तोवर रूळ उखडले तरी कागदावरचं स्टेशन हलणार नाही.

यावर कुणी म्हणेल, देशात 6 लाख 40 हजारांवर गावं. जनगणनेनं काय वेळापत्रकं छापायची? मुद्दा रास्त आहे. पण बैलगाडीला स्वतंत्र रकाना देणाऱ्याला फेऱ्यांसाठी एक आकडा जड जाऊ नये. दुसरा आक्षेप जास्त जोरदार: आता घरोघरी मोटारसायकल आहे, एसटीचं कौतुक कशाला? मोटारसायकल घराची असते खरी, पण किल्ली पोराच्या खिशात असते. 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना एसटी फुकट, 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. ज्यांच्याकडे किल्ली नाही, नेमक्या त्यांनाच ही सवलत; आणि गाडीच आली नाही तर फुकट काय आणि अर्धं काय, हिशेब सारखाच. शिवाय कामावर कशानं जाता, हा प्रश्न 2011 मध्ये विचारला तो ‘इतर कामगारां’ना. शेतकरी आणि शेतमजूर वगळले. म्हणजे कापूस वेचायला दुसऱ्या गावी ॲपेत कोंबून जाणाऱ्या बायका त्या तक्त्यानुसार कुठं जातच नाहीत.

तेव्हा 2027 मध्ये ‘शेवटची गाडी किती वाजता?’ एवढा एक रकाना वाढवावा. उत्तरासाठी आगारात खेटे घालायची गरज नाही; फाट्यावरचा पानठेलेवाला ते सांगतो, आणि ती आज येणार की नाही, हेही.