एका पायावर तयार

साठी उलटली की मध्यमवर्गीय मराठी माणसाला दोन शोध लागतात. पहिला, आपल्याला शरीर आहे. दुसरा, शेजारच्या काकांचं शरीर आपल्यापेक्षा बरं चाललं आहे. पहिल्या शोधाकडे चाळीस वर्षं दुर्लक्ष करता येतं, दुसऱ्याकडे एक दिवसही नाही. त्याच आठवड्यात नवे बूट येतात, मुलगी परदेशातून मनगटी घड्याळ पाठवते आणि घरात पावलांचा हिशेब सुरू होतो.

रात्री साडेदहाला वरच्या मजल्यावरून चपला फरफटल्याचा आवाज आला तर घाबरू नये. आजोबांची नऊ हजार सहाशे पावलं झालेली असतात आणि ते उरलेली चारशे हॉल ते स्वयंपाकघर अशा येरझाऱ्यांत वसूल करत असतात. हा दहा हजारांचा आकडा चरकाने सांगितलेला नाही आणि हृदयरोगतज्ज्ञांनीही नाही. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, यामासा या जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजार पावलं घातली. आकडा गोल होता, लक्षात राहिला. पुढे २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षं वयाच्या सोळा हजारांहून अधिक अमेरिकन स्त्रियांची पावलं तपासली. रोज २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साधारण ७,५०० च्या पुढे फायदा वाढायचा थांबला होता. हे आजोबांना सांगून पाहावं. ते शांतपणे म्हणतात, “असेल. पण शेजारचे अकरा हजार करतात.”

हेच आजोबा टेकडीवरून परतले की पहिल्या मजल्यावर जायला लिफ्टची वाट बघत उभे राहतात. खरं तर व्यायामाच्या आधुनिक शास्त्राची सुरुवातच जिन्यापासून झाली. लंडनच्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसभर वर-खाली करणारा. जेरी मॉरिस यांनी दोघांची तुलना केली आणि कंडक्टर मंडळींना हृदयविकार कमी होतो, असं १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. त्या कंडक्टरांपैकी कोणीही तब्येतीसाठी जिना चढत नव्हतं. तिकिटं फाडायला चढत होतं. आपल्याकडे मात्र जिन्याची अडचण अशी, की तिथे कोणी भेटत नाही. बागेत चाळीस जण बघतात.

चारचौघांत केल्याशिवाय आरोग्य आपल्याला लाभत नाही. एकट्याने हसणाऱ्याला लोक वेड्यात काढतात, पण पंधरा जण हात वर करून हसले की त्याचा क्लब होतो. हा शोध मुंबईचाच. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी तिथल्या एका बागेत जेमतेम पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला. पहिले काही दिवस रोज विनोद सांगायचे. दोन आठवड्यांतच चांगले विनोद संपले, उरलेल्यांवर तक्रारी आल्या, तेव्हा विनोदच बंद करून नुसतं हसायचं ठरलं. ही पद्धत पुढे जगभर गेली. विनोदी लेखकांनी याचा अजून निषेध कसा केला नाही, हे कोडंच आहे.

हसून, चालून झालं की मंडळी वळतात ती कोपऱ्यावरच्या गाडीकडे. “आज फक्त एकच वडा” हा संकल्प रोज होतो आणि रोज दोन जण मिळून तीन खातात. वजनाची काळजी नसते, कारण वजन कॉलेजात होतं तेवढंच आहे. फक्त ते हातापायांतून निघून मध्यभागी येऊन बसलं आहे, याकडे काटा लक्ष देत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी मात्र दिलं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो आला. उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचं अगदी सारखं, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीयाला मधुमेह का गाठतो, हे सांगायला त्यांनी स्वतःलाच पुरावा म्हणून उभं केलं. आपल्याकडचे बाकीचे लोक फोटो काढताना श्वास आत ओढतात.

चालण्याची एवढी चर्चा, पण तोल सांभाळण्याची कोणी करत नाही. जागतिक आरोग्य संघटना पासष्टी ओलांडलेल्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि त्याबरोबर तोल व ताकद वाढवणारे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. पहिली ओळ सगळ्यांना पाठ असते, दुसरी कोणी वाचलेली नसते. ब्राझीलमधल्या संशोधकांनी ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांना कशाचाही आधार न घेता दहा सेकंद एका पायावर उभं राहायला सांगितलं. पाचातल्या साधारण एकाला ते जमलं नाही. सत्तरी ओलांडलेल्यांत तर निम्म्याहून अधिक जणांचा पाय टेकला. ज्यांना जमलं नाही, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. अशक्त माणसाचा तोल आधीच गेलेला असणार, तेव्हा दोष एकट्या पायाचा नाही. हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत फिरत बागेतल्या कट्ट्यावर पोहोचला. दुसऱ्याच दिवशी तिथे सगळे बगळ्यासारखे उभे. एकाने खांब धरला, तर त्याला बाद ठरवण्यावरून वाद पेटला आणि वादाच्या भरात उरलेल्यांचे पाय खाली आले.

लसीचं मात्र असं प्रदर्शन मांडता येत नाही. नातवाच्या पोलिओच्या, गोवरच्या तारखा आजोबांना तोंडपाठ असतात. डोस चार दिवस लांबला तर ते सुनेला दोनदा फोन करतात. वर्षातून एकदा फ्लूची लस आणि न्यूमोनियाची न्यूमोकॉकल लस आपल्यासाठीही असते, असं डॉक्टरांनी म्हटलं की ते खुर्चीतून उठतात. “आमच्या वेळी नव्हतं हो हे असलं!” त्यांच्या वेळी साठीही आजच्याइतक्या लोकांना गाठता येत नव्हती, हा मुद्दा चर्चेत येत नाही.

चर्चेत येतात ते महर्षी कर्वे. १८५८ ते १९६२, एकशे चार वर्षं! तरुणपणी ते सहावीच्या परीक्षेसाठी कोकणातल्या मुरुडहून साताऱ्याला चालत गेले होते, घाट चढून. तिथे पोहोचल्यावर परीक्षकांनी त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही, कारण ते वयाने फार लहान दिसत होते. आज याच तक्रारीसाठी लोक केसांना कलप आणि तोंडाला क्रीम लावून महिन्याला हजारो रुपये मोजतात.

म्हणून बाथरूममधल्या हँडलचा प्रश्न एवढा नाजूक आहे. म्हातारपणी माणसं पडतात ती बहुतेक घरातच. ओली फरशी, रात्रीचा अंधार, गुळगुळीत झालेली स्लीपर. मोडलेलं खुब्याचं हाड ऑपरेशन आणि कित्येक महिने घेतं. भिंतीतलं स्टीलचं हँडल एक प्लंबर आणि चार स्क्रू. तरी घराघरांत त्याला विरोध होतो. “मी काय म्हातारा झालोय? पाहुणे बाथरूममध्ये गेले तर काय म्हणतील?” मग मुलगा रजा काढून येतो, आजोबा टेकडीवर गेल्याचं बघून प्लंबरला बोलावतो आणि हँडल बसवून टाकतो. आजोबा परत येतात, हँडल ओढून पक्कं बसल्याची खात्री करतात, काम बरं केलंय असं प्लंबरला सांगतात, आणि आंघोळ झाल्यावर त्याच्यावर ओला पंचा वाळत घालतात.