लॅगिंगवाले तात्या

साखर कारखान्यात कोण कुठल्या खात्याचा, हे विचारावं लागत नाही. हात कोपरापर्यंत तेलकट असतील तर मिलचा, डोळे लाल असतील तर वेल्डर, शर्टाची इस्त्री मोडलेली नसेल तर ऑफिसचा. आणि बोलता बोलता जो आधी मनगट, मग कोपर, मग कॉलरच्या आतली मान अशा क्रमाने खाजवत जातो, तो लॅगिंगवाला. वाफेच्या पाइपांवर लोकर गुंडाळायची आणि वरून पत्रा चढवायचा, हा त्याचा धंदा. पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही कारखान्यात ऑफ-सीझनला जा, परांचीवर असा एक तात्या दिसणारच. डोक्याला पंचा, खिशात टेप, कानावर खडू आणि सगळ्या जगाबद्दल एकच तक्रार: उघडं ठेवलंय.

तात्यांची लोकर मेंढीची नव्हे, दगडाची. ज्या काळ्या बेसाल्टचा सह्याद्री झाला, त्याच जातीचा दगड दीड हजार अंशांच्या आसपास वितळवायचा आणि गरगर फिरणाऱ्या चाकांवर सोडून त्याचे म्हातारीचे केस करायचे. त्याची जाळी लावलेली गादी म्हणजे रॉकवूल. पण उष्णता अडवण्याचं खरं काम करते ती त्या तंतूंमध्ये कोंडलेली हवा. गादी फार आवळली की हवा निघून जाते आणि उरतो तो नुसता दगड. म्हणून नवं पोरगं जोर लावून तार पिळायला लागलं की तात्या खालून ओरडतात, "आरं, बांधायला सांगितलंय, फास द्यायला न्हाई! हवा मरंल की आतली!"

एकदा अकाउंट्सवाले साहेब वैतागून म्हणाले, "तात्या, तुम्ही आमच्याकडून हवेचे पैसे घेता."

"व्हय साहेब," तात्या समाधानाने म्हणाले. "कळलं म्हणायचं कुणाला तरी."

तात्यांचं दुःख वेगळंच आहे. कारखान्यात सगळ्यात शेवटी त्यांची पाळी येते. पाइप येणार, चढणार, वेल्ड होणार, वेल्डचे एक्स-रे निघणार, पाणी भरून दाब घेतला जाणार. तोवर लोकरीला हात लावायचा नाही, कारण जोड गळला तर दिसला पाहिजे. इकडे दसऱ्याच्या सुमाराला बॉयलरचं अग्निप्रदीपन. ती तारीख ब्रह्मदेव आला तरी हलत नाही, कारण पत्रिका छापून झालेल्या असतात. नकाशेवाल्याने त्याच्या वाट्याचे दिवस खाऊन वर दुसऱ्याचे खाल्लेले, पाइपवाल्याने तेच केलेलं, वेल्डर मध्येच गावच्या यात्रेला जाऊन आलेला. सगळ्यांचं खाऊन जे उरतं त्या चार दिवसांत तात्यांनी दोन महिन्यांचं काम उरकायचं. आणि मीटिंगच्या कागदावर उशिराचं कारण काय? 'लॅगिंग पेंडिंग.' दरवर्षी हेच. मला वाटतं, हे दोन शब्द पुढच्या हंगामासाठी आधीच टाइप करून ठेवलेले असावेत.

एवढ्या घाईतही एका गोष्टीत तात्या तडजोड करत नाहीत. ती म्हणजे पत्र्याचा जोड. आडव्या पाइपावर पत्र्याची कड कुठे यावी? घड्याळाच्या भाषेत, चारवर नाहीतर आठवर, आणि तोंड खाली. बाराला आली तर पाऊस थेट आत. उभ्या पाइपावर खालून वर चढत जायचं, म्हणजे वरचा पत्रा खालच्यावर बसतो आणि पाणी घरंगळून जातं. नवख्याला हा सोवळेपणा वाटतो. पण आपल्याकडे गळीत हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो आणि कारखाना सगळा पावसाळा थंड पडून असतो. चालू पाइपावरच्या पत्र्याआत शिरलेलं पाणी एकवेळ वाफ होऊन निघून जाईल. बंद पाइपावर ते लोकरीत मुरून बसतं आणि तीन-चार महिने निवांतपणे लोखंड खातं. वरून पत्रा आरशासारखा, आत पाइपाला पापुद्रे. म्हणून तात्यांचे कामगार जोडाची जागाही घड्याळाच्याच भाषेत विचारतात. "किती वाजता लावू, तात्या?" "आठ!" परक्या माणसाला वाटतं, नाश्त्याचं चाललंय.

मागे एक कोवळा इंजिनिअर कॉलेजमधून ताजा ताजा आला. त्याने पुस्तकातलं काढलं की, पाइप बारीक असला तर लोकर चढवल्याने उष्णता उलट जास्तच जाते. चूक नव्हतं, असं गणित आहे. तात्यांनी शांतपणे ऐकलं, करंगळी वर केली आणि म्हणाले, "ह्याच्यापरीस बारीक लाईन आपल्यात कुठं हाय, तेवढी दावा. तिला उघडीच ठिवतो." पोरगा दिवसभर परांच्या चढत-उतरत होता. संध्याकाळी तो तात्यांशेजारी बसून वडापाव खात होता, आणि मनगट खाजवत होता.

तात्यांचं प्रेम मात्र वळणांवर. सरळ पाइपाचं ते तोंडदेखलं कौतुक करतात, पण एल्बो दिसला की चेहरा उजळतो. एल्बोवर पत्रा एकसंध बसत नाही. त्याच्या पाचरी कापाव्या लागतात, एकेकीला बीडिंग करून एकीत एक बसवावी लागते. इंजिनिअर त्यासाठी भूमिती मांडतो, तात्या खडूने जमिनीवर एक रेघ ओढतात आणि कात्री चालवतात. शिवाय एल्बोचं माप बाहेरच्या अंगाने धरतात, आणि व्हॉल्व्ह-फ्लँजचं बिल करारातल्या ठरलेल्या पटीने होतं. "सरळ लाईनीत पोट भरतं," तात्या सांगतात, "पण पोरीचं लगीन एल्बोतच हुतंय." साहजिकच बिल तपासणाऱ्या चीफ इंजिनिअरसाहेबांचा आणि तात्यांचा दरवर्षीचा तंटा एल्बोवरच. साहेब टेप आतल्या बाजूने धरतात, तात्या बाहेरून. टेप मध्ये ताणला जातो.

घरी तात्या वेगळे नाहीत. दिवसभर वाफेची ऊब राखणारा हा माणूस संध्याकाळी थंड पाण्याने आंघोळ करतो; गरम पाणी घेतलं तर लोकरीची कुसळं अंगात अजून रुततात, असं लॅगिंगवाल्यांचं शास्त्र आहे. कपडे काकू काठीने उचलून वेगळ्या बादलीत टाकतात. त्यांच्या तांब्याच्या बंबावर मात्र तात्यांचा जुना डोळा आहे. "निम्मं सरपण वाऱ्यावर जातंय गं. एक गादी आन् पत्रा, दुपारपातूर पाणी कढत ऱ्हाईल." काकूंनी ठणकावून सांगितलंय, "बंब माझ्या माहेरचा हाय. त्याला झबलं घालायचं न्हाई."

गेल्या हंगामात अग्निप्रदीपन झालं, लाईनीत वाफ सोडली, आणि चेअरमनसाहेब लवाजम्यासह बघायला आले. तात्यांनी आयुष्यभर वाट पाहिलेला क्षण. त्यांनी पुढे होऊन चेअरमनसाहेबांचा हात धरला आणि थेट मेन स्टीम लाईनीवर ठेवला. आत ६७ किलो दाबाची, ४८५ अंशांची वाफ. लवाजमा दोन पावलं मागे. पीएने डोळे मिटले.

चेअरमनसाहेबांनी हात तसाच ठेवला, विचार केला आणि चीफ इंजिनिअरकडे वळून म्हणाले, "कोमटच लागतंय. अजून वाफ आली नाही वाटतं इथवर?"

तात्यांना हसावं की रडावं कळेना. काम फसलं असतं तर साहेबांचा हात पोळला असता आणि तात्यांचं नाव तालुकाभर झालं असतं. काम जमलं, म्हणून बॉयलर विझलेला ठरला.

त्याच फेरीत तात्यांना ते दिसलं. नव्याकोऱ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर, वरच्या बाजूला, स्वच्छ उमटलेला बुटाचा ठसा. टाचेशी पत्रा दबलेला, एका बाजूचा स्क्रू उपटलेला. पाइपावर उभं राहायचं नाही, ही पाटी तात्यांनी स्वतःच्या पैशांनी रंगवून घेतली होती. ठशापासून हातभर अंतरावरच होती. तात्या काही बोलले नाहीत. कागद ठेवून खडूने ठसा उतरवून घेतला आणि दोन दिवस कँटीनच्या दारात चहा पीत बसले. येणाऱ्याच्या तोंडाकडे नाही, तळव्यांकडे बघत. फिटर सुटले, वेल्डर सुटले, मिलची दोन्ही पाळ्यांची माणसं सुटली. तिसऱ्या दिवशी तात्या कागद घेऊन चीफ इंजिनिअरसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब खुर्चीत मागे रेलून, पाय टेबलाखाली लांब करून फोनवर बोलत होते. तात्या वाकून टेबलाखाली बघत राहिले. मग त्यांनी तो कागद बिलाच्या फायलीवर ठेवला, त्यावर टेप ठेवला आणि हात जोडून उभे राहिले.

त्या वर्षी एल्बोची सगळी मापं बाहेरून धरली गेली.