रॅमभाऊ

नव्वदच्या दशकात डोंबिवलीच्या दर दुसऱ्या सोसायटीत एक रॅमभाऊ असत. मूळ नाव वेगळं. हे बारसं पोरांनी केलेलं. कुणाकडे कॉम्प्युटर आल्याचं कळलं की रॅमभाऊ हजर. पहिला प्रश्न, "रॅम किती?" यजमान फुशारून "चार एमबी" म्हणाला, की ते पेढा खात, पण अभिनंदन करत नसत.

त्यांचं स्वतःचं मशीन म्हणजे लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेलं ४८६. कॅबिनेटचं झाकण कायम काढलेलं. स्क्रू लावायचे म्हणजे आता यात काही करण्यासारखं उरलं नाही असं कबूल करायचं, आणि ते त्यांना जमणारं नव्हतं.

समोरच्याला उठायची घाई आहे असं दिसलं की ते ६४० केबीची कथा काढत. "१९८१ चा आयबीएम पीसी. त्याच्या ८०८८ प्रोसेसरला दिसणार एकूण १ एमबी. त्यातली वरची ३८४ केबी स्क्रीन, रॉम वगैरेंसाठी राखीव. डॉसला आणि तुमच्या प्रोग्रॅमला उरली ६४०. आज आठ एमबी घाला नाहीतर सोळा, डॉसचा संसार त्याच वन रूम किचनमध्ये! मग शहाणा माणूस काय करतो? सामान माळ्यावर टाकतो."

हे माळ्यावर टाकणं हाच त्यांचा रात्रीचा उद्योग. हायमेम आधी, मग ईएमएम३८६. कॉन्फिग डॉट सिसमधली एक ओळ वर, एक खाली. मशीन बंद, मशीन चालू. 'मेम' कमांड देऊन आकडा बघायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. असं करत त्यांनी ६२१ केबी मोकळी करून दाखवली. त्यापायी माउसचा ड्रायव्हर गेला, सीडीचा गेला. माउस टेबलावर नुसता शोभेला.

"अहो, पण एवढ्या जागेत ठेवणार काय?" काकूंनी विचारलं.

"ठेवायचं कशाला? मोकळी आहे ना!"

दुधाचा हिशेब कालनिर्णयवरच राहिला. प्रोग्रॅम चालवला की जागा भरणार, आणि ते रॅमभाऊंना बघवलं नसतं.

ऑपरेटिंग सिस्टिम त्यांच्या लेखी दोनच प्रकारच्या: भागवणाऱ्या आणि उधळ्या. १९८५ च्या पहिल्या विंडोजने २५६ केबी मागितली, ते त्यांनी पोटात घातलं. १९९२ ची ३.१ कमीत कमी २८६ आणि १ एमबी मागू लागली, तेव्हा त्यांनी नाक मुरडलं. १९९३ च्या विंडोज एनटीचा किमान आकडा १२ एमबी, आणि तो ते चारचौघांत आवाज खाली आणूनच सांगत.

पंचाईत अशी, की त्यांचं म्हणणं बहुधा बरोबर निघे. विंडोज ९५ च्या खोक्यावर ३८६ आणि ४ एमबी पुरे असं लिहिलेलं. रॅमभाऊ म्हणाले, "चार वाचलंत की आठ आणा. चारवर ती सुरू होते हो, पण रॅम संपली की हार्ड डिस्कवर उसनवारी करते. मग डिस्कचा दिवा लुकलुकत राहणार आणि तुम्ही चहा पीत राहणार." ज्यांनी चार आणली, ते सोसायटीत सर्वाधिक चहा पिऊ लागले.

पण न्यायनिष्ठुर माणसाचंही कुठेतरी मन गुंततंच. रॅमभाऊंचं गुंतलं आयबीएमच्या ओएस/२ वॉर्पवर. १९९४ च्या त्या खोक्यावरही चारच एमबी छापलेली. मात्र इथे ते खोटं न म्हणता 'विनय' म्हणत. तिच्यासाठी त्यांनी गुपचूप १६ एमबी बसवली आणि घरी सांगितलं, पंखा बदलला.

वॉर्पचा मोठेपणा पटवायची त्यांची एक ठरलेली रीत होती. विंडोज ३.१ मध्ये फ्लॉपी फॉरमॅट करायला घेतली की बाकी सगळं मशीन हात जोडून उभं. वॉर्पमध्ये एकीकडे फॉरमॅट चालू, दुसरीकडे तुम्ही खुशाल टाइप करा. हे दाखवायला त्यांना फ्लॉप्या लागत, आणि आपल्याकडच्या कधीच्याच संपल्या होत्या. एकदा तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा कॉलेजचा प्रोजेक्ट छापून घ्यायला आला. रॅमभाऊंनी त्याच्या हातातली फ्लॉपी घेतली, ड्राइव्हमध्ये सारली आणि झरझर टाइप करू लागले. शंभर टक्के झाल्यावर पोराला कंठ फुटला, "काका, माझा प्रोजेक्ट होता त्यात!"

"तो जाऊ दे रे," रॅमभाऊ म्हणाले, "माझं टायपिंग एकदा तरी अडलं का, ते सांग."